मानवतुल्य यंत्रबुद्धी : पारख कोणी करावयाची?

माणसाप्रमाणे विचार करणारे यंत्र घडवावे, ही आकांक्षा नवी नाही. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही शास्त्रज्ञ एकत्र आले आणि 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या विद्याशाखेची मुहूर्तमेढ रोवली गेली. माणूस जे जे काम करतो, ते वीस वर्षांत यंत्रे करू लागतील, असे भाकीत हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्ये वर्तविले. पुढे १९७८ साली सायमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भाकीत मात्र फोल ठरले.

त्या काळी हे विद्यापीठांचे स्वप्न होते. आज ते बलाढ्य कंपन्यांचे जाहीर उद्दिष्ट आहे. गुगलने २०१४ मध्ये 'डीपमाइंड' ही संस्था विकत घेतली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या 'ओपनएआय'मध्ये मायक्रोसॉफ्टने २०१९ साली एक अब्ज डॉलर गुंतविले. जानेवारी २०२४ मध्ये 'मेटा'चे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनीही हेच ध्येय जाहीर केले. तेव्हा या कंपन्या खरोखरच मानवतुल्य बुद्धिमत्तेच्या मागे आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिलेले आहे. खरा प्रश्न पुढेच आहे. ध्येय गाठले, हे ठरवावयाचे कोणी?

या बुद्धिमत्तेची सर्वमान्य व्याख्या नाही. ओपनएआयच्या २०१८ च्या सनदेनुसार, आर्थिकदृष्ट्या मोलाच्या बहुतेक कामांत माणसाला मागे टाकणारी, बव्हंशी स्वायत्त प्रणाली म्हणजे ही बुद्धिमत्ता. येथे मोजमाप अर्थार्जनाचे आहे. पतीच्या निधनानंतर प्रथमच बँकेत आलेल्या वृद्धेची घालमेल ओळखून तिला धीर देणे, हे या व्याख्येत कोठे बसते?

शिवाय व्याख्या करणारा, उत्पादन करणारा आणि यशाची द्वाही फिरविणारा एकच असेल, तर त्या यशावर विश्वास कितपत ठेवावा? सोनेतारण कर्ज देताना दागिना कितीही झळकत असला, तरी बँक तो नेमलेल्या सराफाकडून पारखून घेते. दागिना आणणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. यात अविश्वास नाही, व्यवहाराची शिस्त आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट व ओपनएआय यांनी केलेल्या करारातही, असे ध्येय गाठल्याची घोषणा झाल्यास तिची पडताळणी स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने करावी, असे ठरले. भागीदारांनाच त्रयस्थ पारखी हवासा वाटतो, मग सामान्य ग्राहकाने केवळ जाहिरातीवर भिस्त का ठेवावी?

याचा अर्थ या तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या 'चॅटजीपीटी'ने त्याची उपयुक्तता घरोघरी पोहोचविली आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी अहवाल दिला. त्यातील सात सूत्रांत पहिले स्थान विश्वासाला आहे, ही बाब अर्थपूर्ण आहे.

म्हणून यंत्र माणसाच्या बरोबरीला कधी येईल, या तर्कवितर्कात गुंतण्यापेक्षा प्रत्येक नव्या सेवेला दोन साधे प्रश्न विचारणे हिताचे ठरेल. हे यंत्र नेमके काय करते? आणि ते चुकले, तर उत्तर कोण देणार? कर्ज नाकारले गेलेल्या ग्राहकाला 'संगणकाने नाकारले' हे उत्तर पुरेसे नाही. यंत्र कितीही बुद्धिमान झाले, तरी निर्णयाखालील स्वाक्षरी आणि तिची जबाबदारी माणसाचीच राहिली पाहिजे.