इलेक्टिव्हसाठी आईने पाटल्या मोडू नयेत



गेल्या पंधरवड्यात एका ताईंचे चार पानी पत्र आले. ताई महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत. मिस्टर रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. थोरली मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, घराण्यातली पहिली डॉक्टर होणार. ती सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "आई, माझ्या वर्गातल्या चौघी महिनाभर लंडनला, अमेरिकेला इलेक्टिव्ह करायला चालल्यात. मलाही जायचंय." शहरातल्या एका एजंटाने सव्वादोन लाख सांगितले. त्यातले पन्नास हजार आठ दिवसांत, 'सीट अडकवायला'. ताई लिहितात, "सासूबाईंच्या पाटल्या आहेत. मोडू का? नाही म्हटलं तर पोरगी मागे पडेल, हो म्हटलं तर धाकट्याचं कसं होईल? आम्हाला यातलं काही कळत नाही."

ताई, पाटल्या मोडू नका. पण मुलीला नाहीही म्हणू नका. कसे ते सांगतो.

डॉक्टरकी शिकणारा विद्यार्थी आपले कॉलेज सोडून काही आठवडे, बहुधा चार, दुसऱ्या रुग्णालयात आवडीच्या विषयाचे काम शिकायला जातो, त्याला इलेक्टिव्ह म्हणतात. इंग्लंड-जर्मनीत ही जुनी रीत आहे. तिकडची मुले सोवेटोच्या बाराग्वानाथ रुग्णालयात जखमी माणसे कशी वाचवतात ते शिकायला जातात, कोलंबोला जातात, आपल्या वेल्लोरलाही येतात. म्हणजे लंडनचा पोरगा शिकायला इकडे येतो, हेही ध्यानात असू द्या. आपल्याकडे २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात अंतिम एमबीबीएसचा पहिला भाग संपल्यावर इलेक्टिव्हचा काळ ठरवून दिला. तो किती आठवड्यांचा हे बॅचप्रमाणे बदललेले आहे आणि बाहेर जायचे तर कॉलेजची परवानगी लागते, म्हणून पहिली चौकशी कॉलेजातच करावी.

यात पगार नाही, पदवी नाही, परदेशात नोकरीचा हक्कही मिळत नाही. मिळते ते पाहायला-शिकायला, एक प्रमाणपत्र, आणि काम चांगले केले तर तिथल्या मोठ्या डॉक्टरचे शिफारसपत्र. पुढे अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी अर्ज करायचा असेल तर त्या पत्राला किंमत आहे. नसेल करायचा तर अमेरिकाच कशाला, हा प्रश्न मुलीला जरूर विचारा.

आता खरी मेख. अमेरिकेत इलेक्टिव्हचा विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासतो, त्याची माहिती लिहितो, राउंडला उत्तरे देतो. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे हाताची घडी घालून मागे उभे राहायचे. इलेक्टिव्ह फक्त विद्यार्थ्याला मिळते; पदवी हाती आली की ते दार बंद. बऱ्याच ठिकाणी तर शेवटच्या वर्षातलाच विद्यार्थी घेतात, तेव्हा आपल्या तारखा त्यांच्याशी जुळतात का हे आधी पाहावे. इंग्लंडमध्ये व्हिजिटर व्हिसावर इलेक्टिव्ह करता येते, पण बिनपगारी आणि रुग्णावर उपचार न करता. हे जाण्याआधी माहीत असले की तिथे जाऊन हिरमोड होत नाही. ताईंना मी एजंटाचा कागद पाठवायला सांगितला. त्यावर दोन्हींपैकी एकही शब्द नव्हता. 'क्लिनिकल एक्स्पिरियन्स' असे लिहिले होते, आणि खाली पत्ता होता एका खाजगी दवाखान्याचा. मेडिकल कॉलेजच्या लेटरहेडवर स्वीकृतीचे पत्र येईल का आणि फी कोणाच्या खात्यात जाईल, एवढे दोनच प्रश्न ताईंनी फोनवर विचारले. त्याने "मॅडमशी बोलून सांगतो" म्हटले. अजून सांगितलेले नाही.

वर्गातल्या त्या चौघींपैकी तिघींचे वडील डॉक्टर आहेत, एकीचे काका शिकागोत. त्यांचे काम एका फोनवर झाले. आपल्या मुलांना तो फोन नाही. म्हणूनच एजंटाचे फावते; तो आपल्याला ओळख विकतो, जी त्याच्याकडेही नसते. पण ओळखीवाचूनही वाट आहे, फक्त तिला वर्षभर आधीपासून लागावे लागते.

अमेरिकेतील मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची व्हीएसएलओ नावाची अर्जाची व्यवस्था आहे. आपले कॉलेज तिच्यात सामील असेल तरच त्या वाटेने अर्ज करता येतो. हे डीन ऑफिसात पाच मिनिटांत कळते. सामील नसेल तर थेट अर्ज घेणारी विद्यापीठे शोधावी लागतात. व्हिसा सहसा बी-१, आणि मुलाखतीच्या तारखेसाठी थांबावे लागते. इंग्लंडमध्येही विद्यापीठाच्या इलेक्टिव्ह ऑफिसला लिहायचे. काही ठिकाणी अर्जाचीच फी असते आणि ती परत मिळत नाही, म्हणून दहा ठिकाणी एकदम पैसे भरू नयेत.

आपल्या घरांना जवळची वाट मला तिसरी वाटते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ १९५१ साली स्थापन झाला, आयएफएमएसए. भारतात त्याची सदस्य संघटना मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया. त्यांच्यामार्फत चार आठवड्यांची अदलाबदल होते. तिकडचा विद्यार्थी इकडे येतो, इकडचा तिकडे जातो, आणि राहण्याची सोय व दिवसाचे निदान एक जेवण यजमान देशातले विद्यार्थीच पाहतात. विमानाचे भाडे, विमा, व्हिसा आणि संघटनेची फी आपली. जागा थोड्या असतात, निवड होते. पण ती कामावर होते, काकांवर नाही.

आणि दूरच कशाला जायचे? कोलंबो विद्यापीठाची वैद्यकीय विद्याशाखा परदेशी विद्यार्थ्यांना इलेक्टिव्ह देते. काठमांडूला लागून असलेल्या पाटणच्या रुग्णालयातही बाहेरची मुले येतात, आणि नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येते. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, १९५६ साली काठमांडूला. आपल्या घरातली लेक तिथे स्टेथोस्कोप घेऊन गेली तर मला लंडनपेक्षा कमी आनंद होणार नाही. सर्पदंश शिकायचा तर लंडनला कोण शिकवणार?

पत्र कसे लिहावे, हे मुले फार विचारतात. दहा ओळींचा ई-मेल पुरे. मी कोण, कुठल्या कॉलेजात, कितव्या वर्षाला, कुठल्या तारखा, कुठला विभाग आणि तोच का. 'तो का' हे खरे लिहावे. आजोबांचा टीबी पाहिला म्हणून छातीरोग शिकायचा, हे कारण कुठल्याही पाठ केलेल्या वाक्यापेक्षा चांगले. सोबत एक पानी माहितीपत्रक. एकच मजकूर पन्नास डॉक्टरांना पाठवू नये, ते ओळखू येते. बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही. आपली मुले इथल्या अनुभवाने पोळलेली असतात, उत्तर नाही म्हटले की आडनावाकडे पाहतात. त्या ऑफिसातल्या बाईच्या टेबलावर रोज असे ढीगभर अर्ज येतात. दोन आठवड्यांनी नम्रपणे पुन्हा लिहावे.

कागदांत सगळ्यात वेळखाऊ काय, तर लसी. यावर कोणी बोलत नाही, आणि इथेच अर्ज अडतो. कावीळ बी च्या तीन सुया असतात, पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. नंतर रक्त तपासून प्रतिकारशक्ती दहा युनिटच्या वर आहे हा दाखला लागतो. मध्ये सुई राहिली असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या घ्याव्यात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचाही दाखला बहुतेक ठिकाणी मागतात. टीबीची हातावरची तपासणी आपल्याकडे पुष्कळदा पॉझिटिव्ह येते, कारण जन्मतःच बीसीजी टोचलेली असते आणि टीबीचा संसर्गही आपल्याकडे पसरलेला आहे. घाबरू नये, छातीचा एक्स-रे किंवा रक्ताची तपासणी करून मार्ग निघतो.

दुसरी अडचण नावाची. आपल्या कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे. वडिलांनी जुने टाकून गावाचे लावले, पोरांचे तसेच राहिले. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि डीनचे पत्र यांवर नावाचे स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक हवे. दुरुस्ती राजपत्रातून होते आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा ज्यांची मुले आज बारावीत आहेत त्यांनीही हे आजच पाहावे.

राहिले पैसे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज या दोन्ही परदेशात पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करण्यासाठी आहेत, चार आठवड्यांच्या इलेक्टिव्हला त्या लागू नाहीत. कोणी 'त्यातून करून देतो' म्हटले तर उठून यावे. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. १९२० साली पुन्हा लंडनला निघाले तेव्हा प्राध्यापकीतली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, असे जमवले. कर्ज काढले, पण पदवीसाठी काढले. माझे मत स्पष्ट आहे: चार आठवड्यांसाठी सोने मोडू नये, पीएफला हात लावू नये. मुलीचे पीजी पुढे आहे, तेव्हा या पाटल्या लागतील.

परवा मुलीचा फोन आला. तिचे कॉलेज व्हीएसएलओत नाही. विद्यार्थी संघटनेची शाखा मात्र आहे, आणि ती तिला तीन वर्षांत माहीत नव्हती! कोलंबोला तिने पत्र धाडले आहे. कावीळ बी ची पहिली सुई पहिल्या वर्षी घेतलेली, पुढच्या दोन राहिलेल्या. लहानपणीच्या लसींचे कार्ड घरी आहे म्हणाली.

तेव्हा ताई, ते कार्ड ट्रंकेत शोधून तिला पाठवा. पाटल्या त्याच ट्रंकेत असतील तर तिथेच राहू द्या.