बोर्ड तुमचा, पण नाव कुणाचं?

ज्याने पैसे मोजले त्याची वस्तू, हा व्यवहार मला मान्य आहे. पण वस्तूबरोबर ती कुणी घडवली हे दडवून ठेवायचा हक्कही विकत मिळतो, हे मला मुळीच मान्य नाही. आज लिहितोय ते जुन्या व्हिडिओ गेमचे दुर्मिळ सर्किट बोर्ड जमवणाऱ्या आणि मग त्यांना कुणाला हातही लावू न देणाऱ्या मंडळींबद्दल.

"सर, या वयात हे काय नवीन?" असं विचाराल. नाद माझ्या नातवाचा. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला जुना दस्तऐवज कुठेही ओळखू येतो. नाणं टाकून खेळायची ती उभी कपाटं तुमच्यापैकी काहींनी ऐंशीच्या दशकात पार्लरमध्ये पाहिली असतील. खेळ त्या कपाटात नसतो, आतल्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतो. तांब्याच्या रेघांचा तो बोर्ड म्हणजे माझ्या लेखी ताम्रपटच, आणि ताम्रपटासारखाच तो वाचावा लागतो.

आधी बाहेरून वाचायचा. चिपच्या पाठीवर बहुधा चार आकडे असतात. ८१३५ म्हणजे १९८१ सालचा ३५वा आठवडा. बोर्डावरची सगळ्यात नवी चिप ज्या तारखेची, त्याआधी तो बोर्ड जुळवलेला असू शकत नाही. मात्र एखादी चिप दुरुस्तीत मागाहून बदललेली असते, म्हणून एकीवर विसंबायचं नाही, सगळ्या ताडून पाहायच्या. काही वेळा नक्कल होऊ नये म्हणून चिपवरची अक्षरं घासून टाकलेली असतात. चोरट्या नकलांचाही सुळसुळाट होता. मूळ कंपनीचं नाव पडद्यावरून काढून दुसरंच घातलेलं! वर्गात दुसऱ्याची वही उतरवणारी पोरं निदान चुका तरी तशाच ठेवायची, त्यावरून मूळ वही कुणाची ते मला कळायचं. इथेही तसंच होतं. पण त्यासाठी बाहेरची अक्षरं पुरत नाहीत, चिपच्या आतला मजकूर काढावा लागतो. आणि नेमकं तेच ही मंडळी करू देत नाहीत.

आतलं वाचल्याने काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो. १९८१ साली निन्टेन्डोचा 'डाँकी काँग' आला. त्याची कल्पना शिगेरू मियामोतोंची, हे जगजाहीर आहे. पण प्रोग्राम प्रत्यक्ष लिहिला तो इकेगामी त्सुशिन्की या दुसऱ्याच जपानी कंपनीच्या माणसांनी. खेळताना त्यांचं नाव कुठेही दिसत नाही. आम्हाला न विचारता निन्टेन्डोने जास्तीचे बोर्ड काढले, असं म्हणत इकेगामी १९८३ साली कोर्टात गेली आणि १९९० साली कोर्टाबाहेर तडजोड झाली. चार लोकांना हे कळायचं कारण नव्हतं. पण चिपमधला मजकूर काढला, तर त्यात एक निरोप सापडतो. हा प्रोग्राम उलगडणं अवघड जात असेल तर आम्ही शिकवू, अशा अर्थाचा. खाली एक्स्टेन्शनसकट फोन नंबर आणि इकेगामीचं नाव. पडद्यावर तो कधीच येत नाही. सेगाच्या १९८३ च्या 'काँगो बाँगो'तही इकेगामीची अशीच खूण आहे. ज्यांना दारावर पाटी लावू दिली नाही, त्यांनी नाव भिंतीत चिणून ठेवलं.

'डाँकी काँग'चे बोर्ड हजारोंनी निघाले, म्हणून कुणीतरी ते वाचू शकलं. जिथे जगात दोन-तीनच बोर्ड उरलेत आणि तेही कुलपात आहेत, तिथे काय?

संग्राहकांचं ठरलेलं उत्तर असतं, की प्रत निघाली की आमच्या बोर्डाची किंमत जाते. अटारीचा 'अक्का आर्र' घ्या. (नाव माझं नाही, त्यांचंच आहे.) १९८२ साली चाचणीत पडला, बाजारात आलाच नाही. तीन मशिनं माहीत होती. २०१९ मध्ये त्याची प्रत बाहेर आली आणि २०२२ मध्ये खुद्द अटारीने तो आपल्या संग्रहात प्रसिद्ध केला. त्यामुळे त्या तीन मशिनांची चार झाली नाहीत. ती प्रत मालकाला न सांगता काढली, असा आरोप तेव्हा झाला. तसं झालं असेल तर तेही मला पसंत नाही. पण सरळ मागून मिळालं असतं, तर ही वेळ आली नसती. अटारीचाच १९९१ चा 'मार्बल मॅडनेस २' तीस वर्षं मोजक्या लोकांच्या घरी बसून होता, २०२२ मध्ये बाहेर आला. या तीस वर्षांत तो घडवणाऱ्यांची उमेदीची वर्षं निघून गेली, त्याचा हिशेब कोण देणार?

आणि चिप काही सोन्याच्या नाण्यासारखी थांबत नाही. जुन्या चिपमध्ये मजकूर विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो, तो हळूहळू झिरपतो. वरच्या काचेच्या खिडकीवरचा कागद निघाला तर उजेडानेही पुसला जातो. कॅपकॉमने १९९३ पासून आणलेल्या बोर्डांत तर खेळाची किल्लीच बॅटरीवर तगून असे. बॅटरी संपली की खेळ बंद! २००७ मध्ये काही हौशी लोकांनी ते कुलूप उलगडलं, २०१६ मध्ये मेलेले बोर्ड जिवंत करायची रीतही मांडली. हे जमलं, कारण अनेकांनी आपापले बोर्ड वाचायला दिले होते. कुलपातल्या बोर्डावर असे उपकार करायला कुणी येणार नाही.

१९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने सुरू केलेल्या 'मेम'मध्ये हजारो जुन्या खेळांची अशी नोंद झालेली आहे. त्यासाठी बोर्ड कायमचा द्यावा लागत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं उतरवून घ्या, आणि बोर्ड चकचकीत दिसावा म्हणून त्या खरवडू नका. चिप सॉकेटमध्ये असेल तर काढून, वाचून परत बसवायला चहा गार व्हायलाही वेळ लागत नाही. सोल्डर केलेली असेल तर जाणकाराचा हात लागतो, एवढंच. मग बोर्ड पुन्हा काचेच्या कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली खुशाल उशाखाली घेऊन झोपा.