पोलीस ठाण्यांतील ‘समजूत’

मावळांतील परंदवडी हें गांव शेजारच्या शिरगांवासह एका पोलीस ठाण्याच्या नांवांत गुंफलें गेलें आहे. ज्या गांवचें नांवच ठाण्याच्या पाटीवर आहे, तेथील मार खाल्लेल्या स्त्रीला ठाणें दूर वाटूं नये, अशी अपेक्षा सहज उत्पन्न होते. परंतु अंतर कोसांनींच मोजावयाचें नसतें. घराच्या उंबरठ्यापासून ठाण्याच्या पायरीपर्यंत लोकनिंदेची, माहेरच्या अब्रूची आणि पोराबाळांच्या काळजीची जी खिंड आहे, ती ओलांडणें बोरघाट चढण्याहून अवघड होय. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, हिंसा सोसलेल्या देशांतील शंभर स्त्रियांपैकीं अवघ्या चौदा जणींनीं कोणाची तरी मदत मागितली. आणि त्यांतही पोलिसांपर्यंत पोंचलेल्या फारच थोड्या.

इतकें धैर्य करून जी येते, तिच्या पदरीं काय पडतें? आम्ही कोणा एका ठाण्याविषयीं बोलत नाहीं. रीत सर्वत्र तीच आहे. “घरचें भांडण आहे, मिटवून घ्या,” हा उपदेश; फार झालें तर अदखलपात्र म्हणून एक ओळ; नवऱ्याला बोलावून थोडी दमदाटी; आणि दिवेलागणीला ती पुन्हां त्याच घरीं. या सर्वाला ‘समजूत’ असें गोंडस नांव आहे.

समेट मुळांतच वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. मुंबई पोलीस आयुक्तालयांत १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानें महिला व बालकांसाठीं विशेष कक्ष निघाला, तो सल्ल्याचें काम शिक्षित समाजकार्यकर्त्यांचें आहे हें ओळखूनच. आमचा आक्षेप आहे तो नोंदीच्या आधीं होणाऱ्या समजुतीला.

कायदा याबाबत मुका नाहीं. १९८३ सालीं दंडसंहितेंत आलेलें कलम ४९८-अ हें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें कलम ८५ झालें आहे. पीडितेनें वा तिच्या नातलगांनीं खबर दिल्यास हा गुन्हा दखलपात्र ठरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानें तर संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी व मोफत वकील यांची माहिती तिला देणें हें पोलिसांचें कर्तव्यच ठरविलें. २०१३ च्या ललिता कुमारी निर्णयानें वैवाहिक तक्रारींत प्राथमिक चौकशीची मुभा दिली. पण तीही ठाण्याच्या दैनंदिनींत नोंदवूनच. २०१४ सालीं अर्नेश कुमार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सरसकट अटकेस मनाई केली, हें योग्यच झालें; कांहीं तक्रारी सूडबुद्धीच्याही असतात. परंतु ‘अटक करूं नका’ याचा अर्थ ‘लिहूं नका’ असा लावणें ही सोयीची पंडिताई होय. प्रामाणिक तपास निरपराध नवऱ्यालाही तितकाच तारतो.

न लिहिण्याची किंमत पुण्यानें पाहिली आहे. १९८२ च्या जूनमध्यें एक नवविवाहिता विषानें मेली. तिनें बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेलीं पत्रें सारडा खटल्यांत पुराव्यांत आलीं. खालच्या दोन न्यायालयांनीं दिलेली फांशी सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं रद्द केली व पतीस निर्दोष सोडलें. कारण पुराव्याची सांखळी पुरी होत नव्हती. त्या निकालाशीं आमचा वाद नाहीं. पण मेलेल्या मुलीच्या वतीनें पत्रांना बोलावें लागावें, ही वेळ कां यावी? २०२५ च्या मे महिन्यांत मुळशींतील भुकूम येथें एक सून गेली, तेव्हां त्याच घरच्या थोरल्या सुनेनें आदल्या वर्षीं तक्रार केली असल्याचें पुढें आलें. दोषाचा निवाडा न्यायालयाचा. परंतु तक्रारीचें मोल मरणानंतर कळावें, याची लाज मात्र सर्वांची आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आंत स्त्री संशयास्पद रीतीनें मेली, तर शवपरीक्षेची व चौकशीची विशेष तजवीज कायद्यानें केली आहे. मृत स्त्रीसाठीं एवढी दक्षता, आणि जिवंत स्त्रीला “उद्यां या”! हा न्याय कीं उपहास?

तेव्हां आमचें मागणें अल्प आहे. तिचें म्हणणें तिच्याच शब्दांत लिहावें. प्रत तिच्या हातीं द्यावी. जखमा त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवाव्या. शेजाऱ्यांचे जबाब आठवणी ताज्या असतांनाच घ्यावे. आणि संरक्षण अधिकाऱ्यास कळवावें. गांवच्या पोलीस पाटलानें व शेजाऱ्यांनींही भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकून कडी लावूं नये. एवढें झाल्यावर समजूत खुशाल घालावी. पण ती आधीं मारणाऱ्याची घालावी, मार खाणारीची नव्हे.