मांजराचा वाटा फोडणीआधी काढा

सुगी आटोपून धान्य घरात आलं की मागोमाग उंदीर येतात. म्हणून बहुतेक घरी एखादं मांजर असतंच. त्याला खायला काय घालता, असं विचारलं की एक उत्तर हमखास मिळतं, "त्याला कशाला घालायचं? पोट भरलं तर उंदीर कोण धरणार?" दुसऱ्या घरी याच्या अगदी उलट. ताटात उरलेला झणझणीत रस्सा, भाकरी, सगळं मांजरापुढे. मला दोन्ही रीती चुकीच्या वाटतात.

मांजर केवळ भुकेपोटी शिकार करत नाही. पोट भरलेलं मांजरही उंदीर दिसला की झडप घालतंच. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी इंग्लंडमधल्या शेतवाड्यांवरची निरीक्षणे १९५३ साली प्रसिद्ध केली. आधी उंदीर काढून टाकलेल्या वाड्यात मांजरांना दूध दिलं, तर ती तिथेच टिकतात आणि नवे उंदीर शिरू देत नाहीत, असं त्यांना आढळलं. उपाशी मांजर दुसऱ्याचं घर धरणार, यात नवल काय?

तेव्हा वाटा द्याच, पण कसला? कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवून हा दोष जात नाही. आपलं कालवण तर त्यावाचून होत नाही. म्हणून मटण-मासळी करताना मसाला पडण्याआधी दोन तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून काढा. हाडं, काटे नकोत. दूध-भाकरी जोडीला चालेल, ढाळ लागली तर दूध बंद. पण नुसत्या दूध-भाकरीवर मांजर निभत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतून मिळावा लागतो; कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. उंदीर धरणाऱ्या मांजराला तो उंदरातून मिळतो, कोंडून ठेवलेल्याला कुठून मिळणार? (आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. एका गोळीने मांजर दगावू शकतं.)

आता माझी चूक सांगतो. झिंक फॉस्फाइडचं आमिष ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल आणि २ भाग औषध असं करायचं असतं. एका गावच्या मोहिमेत काहींनी भरड्याऐवजी घरची भजी, सुकट वापरली. उंदीर लवकर खातील म्हणून मीही गप्प बसलो. सकाळी एका आजींच्या दारात त्यांची मांजर मरून पडली होती. "माझ्या ताटातलं खाऊन वाढली होती रे, भजं ओळखीचं वाटलं असंल," एवढंच त्या म्हणाल्या. या विषावर उतारा नाही.

सरपंचांना आणि ग्रामपंचायतीला विनंती, मोहिमेची दवंडी आदल्या दिवशीच द्या. त्या रात्री मांजरं-कुत्री घरात कोंडायला सांगा. आमिष बिळात टाकून तोंड बुजवा आणि मेलेले उंदीर पहाटेच गोळा करून पुरा. भजी-सुकट आमिषात नकोच. येत्या मोहिमेत आमिष माझ्या समोर मिसळल्याशिवाय मी वाटू देणार नाही, मग कुणी रागावलं तरी चालेल.