फाळक्यांना बाई मिळाली नाही म्हणे!

३ मे जवळ आला की एक किस्सा दरवर्षी फिरतो. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. सगळीकडून नकार आला. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच! खाली हसण्याच्या इमोजींची रांग.

किस्सा खरा आहे. साळुंके गुणी नट होते आणि फाळक्यांबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण किस्सा तिथेच थांबवणाऱ्यांशी आहे.

कारण त्याच १९१३ मध्ये फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला आणि त्यात दोन बायका होत्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत. मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, वय जेमतेम तेरा-चौदा. याच पुढच्या कमलाबाई गोखले.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. एकट्या बाईनं पोरीला घेऊन जगायचं कसं? त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. समाजानं वाळीत टाकलं. कमलाबाई लहान असतानाच रंगभूमीवर उभ्या राहिल्या, शाळा कंपनीच्या बिऱ्हाडातच झाली. मग रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. ते लवकर गेले. पदरात दोन मुलं, तिसरं पोटात, आणि वय पंचविशीच्या आसपास. बाईंनी तोंडाला रंग लावणं थांबवलं नाही. पुरुष स्त्रीभूमिका करायचे त्या काळात या बाईनं पुरुषभूमिकाही केल्या. तिन्ही मुलं वाढवली: चंद्रकांत नट, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक.

आता मला सांगा, “त्या काळी बायका तयारच नव्हत्या” हे वाक्य कुणाला सोयीचं आहे? नाटकात काम करणाऱ्या बाईला वाळीत टाकायचं, आणि शंभर वर्षांनी वर आपणच म्हणायचं की बाई मिळाली नाही! “तो काळच तसा होता” हेही नको. काळ तसा असतानाच या मायलेकी कॅमेऱ्यासमोर गेल्या.

आणि आपण काय जपलं? मोहिनी झालेली ती पोर पडद्यावर कशी दिसली, हे आज कुणी पाहू शकत नाही. ‘मोहिनी भस्मासुर’ उरलेलाच नाही. मूकपटांची रिळं पेटली, सडली, आतली चांदी काढायला भंगारात गेली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, त्यात आणखी जुना ठेवा गेला. चार दिवस हळहळ. मग सगळं शांत.

कमलाबाई १९९७ पर्यंत आपल्यात होत्या. रीना मोहन यांनी त्यांच्या म्हातारपणी कॅमेरा घेऊन जाऊन माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचं बोलणं तरी राहिलं. बाकी आपण त्यांना ओळखतो ते “विक्रम गोखल्यांची आजी” म्हणून. अहो, नातू मोठा होताच. पण पडद्यावर आजी आधी आली!

हे जुनं उकरून काढायचं कारण आजचं आहे. तमाशाच्या फडात, संगीत नाटकात आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्या बायका आपल्याच तालुक्यात आहेत. मानधनाचा अर्ज केला की पुरावे जोडा, कात्रणं जोडा. ज्यांच्या कामाची कुणी दोन ओळींची बातमी दिली नाही, त्यांनी कात्रण आणायचं कुठून? सोबत काम केलेल्यांची साक्ष चालवून घ्या ना! आणि नव्या नाट्यगृहाला नाव द्यायची वेळ येते तेव्हा पुढाऱ्याच्या वडिलांच्या आधी दुर्गाबाई-कमलाबाई आठवू देत.

तोवर एवढं तरी करा. खिशात फोन आहे. गावातल्या अशा एखाद्या मावशीकडे जा, समोर बसा, रेकॉर्डिंग चालू करा आणि त्यांना बोलू द्या. आणि ३ मे ला तो किस्सा सांगालच, तर पुढचा अर्धाही सांगा.