किती पाने न्याय्य?

'पुस्तकाची किती पाने झेरॉक्स केली तर चालतात?' अभ्यास वर्तुळातली पोरे आम्हाला विचारतात. कायद्यात आकडाच नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ संशोधन, टीका, समीक्षेसाठी 'न्याय्य वापरा'ची मुभा देते. न्याय्य म्हणजे किती, ते सांगत नाही.

दिल्ली विद्यापीठाचा खटला आठवा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केम्ब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिसने आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर व विद्यापीठावर दावा ठोकला. गुन्हा काय, तर अभ्यासक्रमातली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकणे! २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पाने मोजायला नकार दिला आणि शिकवण्यासाठी जेवढे लागेल तेवढे, हा निकष लावला. निकष आपल्याच बाजूचा. पण 'जेवढे लागेल' ते ठरवायला खटला पुन्हा एकल न्यायाधीशांकडे गेला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. शिवाय हा निकाल शिक्षक-विद्यार्थ्यांच्या पोटकलमावरचा. बुद्धविहारातल्या आपल्या वर्गाला तो लागू होतो का? छातीठोकपणे कोणीच सांगणार नाही.

विद्वान याला कायद्याची लवचिकता म्हणतात. म्हणोत बापडे! ज्याच्याकडे वकील आहे त्याला ती परवडते. वस्तीतला झेरॉक्सवाला नुसत्या नोटिशीनेच हात आखडतो आणि पहिल्या पिढीतल्या पोराचे वाचन तिथेच थांबते.

आंबेडकरी लेखकाचे, छोट्या प्रकाशकाचे आख्खे पुस्तक छापून विकणे आम्हालाही मान्य नाही. त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे. पण अभ्यास वर्तुळे आणि वस्तीतली वाचनालये यांचे नाव कलम ५२ मध्ये स्पष्ट शब्दांत आले पाहिजे, ही आमची मागणी आहे.