माहिती आमची, प्रबंध कोणाचा?

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी सोलापुरात अपंग स्त्रियांमध्ये काम करते आहे. आता अपंगत्व आणि पुनर्वसन या विषयात पीएच.डी. करायची म्हणते, तर ऐकायला मिळते, 'वस्तीतले काम सोडून पुस्तकात कशाला शिरतेस?' घरच्यांनी असे विचारले तर नवल नाही. पण हे चळवळीतल्या मैत्रिणी विचारतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

मैत्रिणींनो, १९९४ साल आठवा. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही! स्त्री-संघटनांनी निषेध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पण निर्णय घेणारे तज्ज्ञ होते ते डॉक्टर आणि अधिकारी. संस्थेत पाणी किती, सेविका किती, या मुलींना पाळीबद्दल शिकवायचा प्रयत्न कोणी केला का, हे आधी शोधणे म्हणजेच संशोधन. ते आपण केले नाही, तर त्यांच्या शरीराचा निर्णय दुसरेच घेत राहणार.

२०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया. मोजणी झाली, विचारपूस राहिली. आमच्या सोलापुरातली विडी कामगार बाई घ्या. मजुरी हजार विड्यांवर. पदरी सेरेब्रल पाल्सीचे मूल. डॉक्टर सांगतात, रोज व्यायाम द्या. तो व्यायाम देण्यात तास गेला की तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी. पुनर्वसनाच्या योजनेत कुबडी असते, व्हीलचेअर असते. हा तास कुठेच नसतो. कारण योजना आखणाऱ्याने कधी विडी वळली नाही आणि वळणारीला कोणी विचारले नाही.

बाहेरचे संशोधक येतात. प्रश्नावल्या घेऊन आम्ही कार्यकर्त्या घरोघर फिरतो. प्रबंध इंग्रजीत होतो आणि ग्रंथालयात जातो. वस्तीत काय परत येते?

नियम आज आपल्याला अगदीच प्रतिकूल नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना नेहमीच्या मुदतीवर दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अपंगांना किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. २००४ पासून सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ आहे.

मात्र अर्धवेळ प्रवेशाला मालकाचे ना-हरकत पत्र लागते. आणि आम्हा कार्यकर्त्यांचे मालक कोण? आपल्याच संस्था! म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. ना-हरकत पत्र द्या. आठवड्यातून एक दिवस पगारी वेळ द्या. अपंग मैत्रिणींना केवळ 'लाभार्थी' न ठेवता संशोधक होण्यासाठी पाठबळ द्या. आणि संस्थेच्या मदतीने झालेला प्रत्येक प्रबंध मराठीत, वस्तीत वाचून दाखवायची अट घाला.

पुढच्या कार्यकारिणीत हा विषय घ्या. वस्तीतले काम मी सोडत नाही. त्या कामातून आलेले प्रश्न घेऊनच विद्यापीठात जाते आहे.